पाथरी: ओळख, खुडणी, स्वयंपाक आणि घरची लागवड

दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील तालुक्यांत, अनेक ठिकाणी वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. या पट्ट्यात विहिरीला पाणी नसले, भाजीपाल्याचे वाफे मोकळे पडले, तरी रब्बीच्या ज्वारीत आणि बांधाच्या कडेला जी एक पालेभाजी न पेरता मिळते ती पाथरी. काही गावांत तिला पात्री म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव लॉनिया प्रोकम्बेन्स असे आहे. ती सूर्यफूल, करडई आणि शेवंतीच्या कुळातली, अनेक वर्षे जगणारी वनस्पती आहे आणि तिची कोवळी पाने कच्चीही खातात, शिजवूनही खातात.

पाथरीविषयी लिहिताना सगळे लक्ष पानांकडे जाते, कारण खायची तीच असतात. परंतु तिची सगळी करामत मुळात आहे. जमिनीवर वीतभर पसरलेल्या पानांच्या चक्राखाली एक जाड, सरळ खाली गेलेले सोटमूळ असते. वरची काळी माती भेगाळून वाळली तरी हे मूळ खालच्या थरातला ओलावा घेत राहते, आणि ऐन उन्हाळ्यात पाने करपली तरी स्वतः जिवंत राहून पुढच्या ओलीला पुन्हा पालवी देते. ओळखायची कशी, कापायची कोठून, कुंडी किती खोल घ्यायची, उन्हाळ्यात काय करायचे, या सगळ्यांची उत्तरे या मुळापाशी येतात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी: पाथरी पाण्यावाचून टिकते, पण पाण्यावाचून चवदार राहत नाही. तहानलेल्या पाथरीची पाने जाड, चिवट आणि कडू होतात. त्यामुळे ‘दुष्काळातही येते’ याचा अर्थ ‘तिला पाणी देऊ नये’ असा घेऊन कुंडी कोरडी ठेवणाऱ्यांची हमखास निराशा होते.

पहिली पायरी: नेमकी ओळख

रानभाजीच्या बाबतीत ओळख पक्की होईपर्यंत पान तोंडात घालू नये, हा नियम पाथरीलाही लागू आहे. तिच्या कोवळ्या अवस्थेशी साम्य असलेली दोन-तीन झाडे त्याच शेतात, त्याच हंगामात, तशीच जमिनीला चिकटून वाढतात, आणि त्यांतली काही खाण्यास धोकादायक आहेत.

पाथरीची पाने एका मध्यबिंदूतून चहूकडे फुटतात आणि जमिनीवर चक्राकार पसरतात. पान लांबट असते, देठाकडे निमुळते आणि टोकाकडे रुंद. त्याच्या कडा कमी-अधिक खोल खाचांनी कापलेल्या असतात. एक पान तोडून उन्हाच्या दिशेने धरून पाहावे. कडेवर बारीक, पांढरट, किंचित कडक दाते ओळीने दिसतात. बोट फिरवले तर ते जाणवतात, पण टोचत नाहीत. पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर लव नसते. मधली शीर मोडली की लगेच पांढरे दूध येते; ते बोटांना चिकटते आणि थोड्या वेळाने तपकिरी पडते. पाथरी खुडणाऱ्या बाईच्या बोटांच्या पेरांवर हे डाग संध्याकाळपर्यंत दिसत असतात.

जुन्या झाडाच्या मध्यातून बारीक दांडे निघतात, काही जमिनीलगत सरपटतात आणि जेथे पेर मातीला टेकते तेथे मुळे धरून नवे चक्र तयार करतात. फूल पिवळे, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठे नाही. त्यात सूर्यफुलासारखी मधली गडद चकती नसते, सगळ्याच चपट्या पिवळ्या पाकळ्या असतात. फुलाखालच्या हिरव्या आवरणाच्या छोट्या पात्यांना पांढरी, पातळ किनार असते. बी पिकले की त्या जागी पांढऱ्या रेशमी केसांचा झुपका तयार होतो आणि वाऱ्याबरोबर बी उडून जाते.

आता फसवणारी झाडे पाहू. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाजर गवत, ज्याला खेड्यांत काँग्रेस गवत म्हणतात. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते नाही असा बांध शोधून सापडणार नाही. त्याचे रोप लहान असताना अगदी पाथरीसारखेच जमिनीवर चक्र करून बसते. मात्र त्याचे पान गाजराच्या पाल्यासारखे पुन्हा पुन्हा बारीक विभागलेले असते, त्यावर लव असते आणि ते मोडल्यावर दूध येत नाही. गाजर गवत त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, ते खाण्याची गोष्ट नव्हे. दुसरा पिवळा धोत्रा. त्याच्या लहान रोपाची पाने निळसर हिरवी, पांढऱ्या शिरांची आणि काटेरी असतात, आणि चीक पिवळा असतो. हे झाड विषारी आहे. तिसरी दगडी पाला किंवा एकदांडी. तिची पाने केसाळ आणि समोरासमोर असतात, दूध नसते.

केवळ पांढरे दूध आले म्हणून पाथरी असे ठरवणे हीसुद्धा चूक आहे, कारण दुधी नावाच्या तणासारख्या (दुधी भोपळा नव्हे) वनस्पतींनाही पांढरा चीक असतो. दुधीची पाने लहान आणि दांड्यावर जोडीने येतात, तिचे जमिनीवर चक्र होत नाही. म्हणून चार खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत: जमिनीला चिकटलेले चक्र, लव नसलेले गुळगुळीत पान, कडेचे पांढरट दाते आणि पांढरे दूध. यांपैकी एक जरी खूण जुळली नाही तरी ते पान बाजूला टाकावे. पहिल्या हंगामात तर गावातल्या जाणत्या बाईबरोबर शेतात जाऊन शिकणे हाच उत्तम मार्ग. खुरपणीला जाणाऱ्या बायकांना या खुणा वाचून समजावून घ्याव्या लागत नाहीत, त्यांचा हात आपोआप योग्य रोपाकडे जातो.

पाथरीची एक बहीण कोकणासह भारताच्या किनाऱ्यांवर वाळूत पसरते. मालदीवमध्ये तिची पाने बारीक चिरून खोबरे आणि मासळीबरोबर खातात, म्हणजे हा प्रकार केवळ कोरडवाहू पठारापुरता नाही. तसेच सॉन्कस या वंशातले, पोकळ दांड्याचे आणि उंच वाढणारे एक तण काही भागांत पाथरी म्हणूनच ओळखले जाते. त्याचीही कोवळी पाने खातात, मात्र या लेखातील लागवडीच्या सूचना त्याला लागू नाहीत.

दुसरी पायरी: हंगाम आणि जागा

भाद्रपद-आश्विनाच्या पावसावर जुन्या मुळांना पालवी फुटते आणि नवे बी रुजते. मालदांडी ज्वारीची पेरणी उरकून पहिली खुरपणी येईपर्यंत पाथरीचे चक्र तळहाताएवढे झालेले असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तिची पाने सर्वांत कोवळी असतात. वेळ अमावास्येला शेतात जेवणाची पंगत बसते आणि पुढे हुरड्याचे दिवस येतात, तोच पाथरीचाही ऐन काळ. मध्यातून फुलाचा दांडा वर येऊ लागला की पानांतला कडवटपणा वाढतो. मार्चनंतरची पाथरी गुरांना घालावी. दुभत्या गाईला ती घातली की दूध वाढते असे शेतकरी मानतात आणि बाळंतिणीलाही ती देण्याची रीत आहे. ही रीत म्हणून सांगतो, उपचार म्हणून नव्हे.

जागेची निवड चवीपेक्षा महत्त्वाची आहे. पूर्वी बांधावरची पाथरी न विचारता खुडता येत होती. आता तसे करता येत नाही, कारण ज्वारी, मका, गहू आणि ऊस या पिकांत तणनाशकांचा वापर सर्रास होतो. ॲट्राझीन पेरणीनंतर लगेच मातीवर मारतात, टू-फोर-डी उभ्या पिकात रुंद पानांच्या तणांवर मारतात, ग्लायफोसेट बांधांवर मारतात. पाथरी या तिन्हींचे लक्ष्य आहे. पाने पिळवटलेली, वाकडी किंवा पिवळी पडलेली दिसली तर तेथून एकही पान घेऊ नये. पण ताज्या फवारणीनंतर पाने एक-दोन दिवस धडधाकटही दिसतात, त्यामुळे शेताच्या मालकाला या हंगामात काय फवारले हे विचारल्याशिवाय खुडणी करू नये. माझे मत विचाराल तर पाथरी ताटातून कमी झाली ती दुष्काळाने नव्हे, या औषधांनी. दुष्काळ तर तिने पिढ्यान्‌पिढ्या पचवला आहे.

वाहत्या रस्त्याच्या कडा, सांडपाण्याचे नाले, कचऱ्याचे ढीग, औषधांचे डबे धुतले जातात ती विहिरीजवळची जागा आणि शहरातले मोकळे भूखंड हेही टाळावेत. सर्वांत चांगली जागा म्हणजे फवारणी न झालेले जिरायत शेत, पडीक तुकडा किंवा आपलाच परसू.

तिसरी पायरी: खुडणी

सकाळी दव ओसरल्यावर खुडावे. त्या वेळी पाने पाण्याने भरलेली आणि कुरकुरीत असतात. दुपारी तीच पाने मलूल होतात आणि दूधही दाट वाटते.

खुडण्याच्या दोन पद्धती आहेत. खुरपणी करताना खुरप्याचे टोक चक्राखाली घालून अख्खे चक्र उचलतात. यात पाने एकत्र राहतात, माती झटकायला सोपी जाते आणि तणही निघते, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच पद्धत सोयीची आहे. खोल राहिलेल्या मुळातून पुन्हा कोंब येतो, परंतु तो अशक्त असतो आणि एकाच हंगामात दोन-तीनदा असे केले तर मूळ थकते. आपल्या स्वतःच्या जागेतल्या पाथरीसाठी दुसरी पद्धत वापरावी: बाहेरची चार-पाच पूर्ण वाढलेली पाने देठापाशी नखाने खुडावीत आणि मधली कोवळी पालवी तशीच राहू द्यावी. दोन ते तीन आठवड्यांत पुन्हा तेवढीच पाने मिळतात. चक्राच्या निम्म्याहून अधिक पाने एका वेळी काढू नयेत, कारण हिवाळ्यात पानांनी साठवलेल्या अन्नावरच मुळाला उन्हाळा काढायचा असतो.

पिवळी, कीड लागलेली, पांढरी भुरी आलेली पाने शेतातच टाकावीत. टोपलीत किंवा कापडी पिशवीत सैल भरावे. प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरलेली पाथरी घरी पोहोचेपर्यंत काळी पडते.

चौथी पायरी: धुणे आणि स्वयंपाक

ही भाजी जमिनीला चिकटून वाढते आणि अनेकदा कच्ची खाल्ली जाते, म्हणून धुण्यात कसूर चालत नाही. अख्खे चक्र असेल तर आधी बुडखा कापून पाने सुटी करावीत. देठांच्या बेचक्यात काळी माती घट्ट बसलेली असते आणि चक्र तसेच बुडवले तर ती निघत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने हलवावीत, पाच मिनिटे तशीच ठेवावीत आणि वरच्या वर उचलून घ्यावीत. पाणी ओतून पाने गाळली तर तळाची माती परत पानांवर बसते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असे तीन-चार वेळा करावे. शेवटच्या पाण्यात थोडे मीठ टाकले तर बारीक किडी सुटतात. जनावरे चरतात किंवा ताजे शेण पडते अशा जागेतली पाथरी कच्ची खाऊ नये, ती शिजवूनच घ्यावी.

कच्च्या पाथरीचे खरे रूप म्हणजे घोळाणा. दोन मुठी कोवळी पाने पूर्ण निथळून हातानेच मोडावीत किंवा जाडसर चिरावीत, त्यात एक लहान कांदा बारीक चिरून, दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट, चवीपुरते तिखट आणि चमचाभर कच्चे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घालून हाताने हलके कालवावे. मीठ जेवायला बसतानाच घालावे. आधी घातले तर पाने पाणी सोडतात आणि घोळाणा लिबलिबीत होतो. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर, शेजारी ठेचा असल्यास, याला दुसऱ्या कालवणाची गरज पडत नाही. नुसती पाने, मीठ आणि भाकरी एवढ्यावर शेतात जेवण उरकणारेही पुष्कळ आहेत.

शिजवायची असेल तर चार मुठी पाने घ्यावीत, कारण कढईत ती एका मुठीएवढी उरते. पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजत घालावी. लोखंडी कढईत दोन चमचे तेल तापवून त्यात आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण आणि तीन-चार हिरव्या मिरच्या परताव्यात, लसूण तांबूस झाला की निथळलेली डाळ घालून पाण्याचा हबका मारावा आणि डाळ बोटाने दाबल्यावर मोडेल इतकी शिजू द्यावी. मग चिरलेली पाथरी घालून झाकण न ठेवता पाच-सात मिनिटे परतावे. मीठ पाने आकसल्यावरच घालावे, नाहीतर हमखास खारट होते. उतरवताना दाण्याचा कूट घालावा. डाळीऐवजी बेसन पेरूनही चांगली होते. पालेभाजीत गुळाचा खडा टाकण्याची ज्या घरांत सवय आहे त्यांनी येथे तो मोह आवरावा. पाथरीची हलकी कडवट चव झाकून टाकायची तर पालकच करावा.

पाने जरा जून असतील तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून ते पाणी फेकून द्यावे आणि मग फोडणीला घालावीत. धुतलेली, कोरडी केलेली पाने कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. त्यापुढे ती ठेवण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी. गाजर गवताच्या किंवा शेवंतीच्या ॲलर्जीचा त्रास ज्यांना आहे त्यांनी विशेष सावध राहावे, कारण पाथरी त्याच कुळातली आहे आणि अशा लोकांना त्या कुळातल्या इतर वनस्पतींचाही त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांना पालेभाज्यांच्या प्रमाणाबाबत डॉक्टर सूचना देतात, तीच येथेही पाळावी.

पाचवी पायरी: घरी लावणे

फवारणीची खात्री देता येत नाही अशा काळात दोन-चार कुंड्या किंवा परसातला एक वाफा हाच पाथरीचा भरवशाचा स्रोत आहे. लागवड बियांपासून किंवा मुळासकट काढलेल्या रोपापासून करता येते.

बियांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकलेली फुले शोधावीत. आवरण उघडून पांढरा झुपका नुकताच बाहेर डोकावू लागला असेल तेव्हा, वारा सुटण्याआधी सकाळी, अख्खे बोंड तोडून कागदी पिशवीत टाकावे. दुपारपर्यंत थांबल्यास बी उडून गेलेले असते. सावलीत दोन-तीन दिवस वाळवून, बोटांनी चोळून केस वेगळे करावेत आणि बी कोरड्या बाटलीत ठेवावे. पेरणी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये करावी. बी फार बारीक असल्यामुळे ते चिमूटभर वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वर चाळलेल्या मातीचा अगदी पातळ थर द्यावा. खोल गेलेले बी वर येत नाही. झारीने नव्हे, फवारणीच्या बाटलीने पाणी द्यावे. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत रुजवा दिसतो. त्या रुजव्यात गाजर गवताची रोपेही असू शकतात, म्हणून तिसरे-चौथे पान आल्यावर वर सांगितलेल्या खुणा पाहून नको ती रोपे उपटावीत.

मुळासकट रोप आणायचे असेल तर पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना काढावे. जुन्या झाडाचे सोटमूळ खणताना बहुधा मधेच तुटते आणि असे रोप रुळायला वेळ घेते. त्यापेक्षा सरपटणाऱ्या दांड्याच्या पेराला मुळे धरून झालेले लहान चक्र मातीच्या गोळ्यासकट उचलणे सोपे. लावल्यानंतर बाहेरची अर्धी पाने काढून टाकावीत आणि चार-पाच दिवस सावलीत ठेवावे.

कुंडी रुंदीपेक्षा खोलीला महत्त्व देऊन निवडावी. किमान १२ इंच खोली हवी. १५ इंच मिळाली तर अधिक चांगले. उथळ ट्रेमध्ये मूळ तळाला लागून वळते, झाड लवकर फुलावर येते आणि पाने लहान, कडू राहतात. केवळ काळी माती घेतली तर कुंडीत ती आक्रसून कडेपासून सुटते आणि पाणी बाजूने वाहून जाते, म्हणून दोन भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. त्याहून अधिक खताची आवश्यकता नाही. अशा एका कुंडीत दोन रोपे पुरेत. वाफ्यात दोन रोपांत ८ ते १० इंच अंतर ठेवावे. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवे.

पाण्याचे वेळापत्रक असे ठेवावे: रोप रुळेपर्यंतचे पहिले तीन आठवडे माती सतत ओलसर, त्यानंतर हिवाळाभर वरची दोन बोटे माती कोरडी झाली की भरपूर पाणी. रोज थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवय येथे नुकसान करते, कारण त्याने वरचीच माती भिजते आणि मूळ खाली जाण्याऐवजी वरच घुटमळते. दहा-बारा पाने झाली की खुडणी सुरू करावी.

कडवटपणा आणखी कमी हवा असल्यास एक युक्ती आहे. युरोपात चिकोरीवर अंधार करून तिची पाने फिकट आणि सौम्य करतात. चिकोरी पाथरीच्याच कुळातली असल्याने तोच उपाय येथे करता येतो: खुडणीच्या पाच-सहा दिवस आधी चक्रावर मातीची कुंडी पालथी घालावी आणि तिच्या तळाचे भोक खापरीने बंद करावे. मात्र पाने कोरडी असतानाच झाकावे, नाहीतर ती कुजतात, आणि तेच झाड लागोपाठ दोनदा झाकू नये.

किडीचा उपद्रव फारसा होत नाही. ढगाळ हवेत फुलांच्या दांड्यांवर मावा दिसतो. दांडे कापून टाकले की तो प्रश्न बहुतेक मिटतो.

सहावी पायरी: उन्हाळा आणि पुढचे वर्ष

फेब्रुवारीपासून फुलांचे दांडे जोराने येऊ लागतात. बी धरण्यासाठी एका झाडाचे दांडे ठेवावेत, बाकीचे दर आठवड्याला बुडाशी कापावेत. त्याने पानांचा हंगाम काही आठवडे लांबतो आणि बी उडून शेजाऱ्याच्या शेतात किंवा गच्चीत पसरत नाही. पाथरी आपल्याला भाजी असली तरी शेजाऱ्याला ती तण आहे, हे ध्यानात ठेवणे सौजन्याचे आहे.

एप्रिल-मेमध्ये खुडणी पूर्ण थांबवावी. झाड मरगळेल, पाने आखडतील, काही करपतील. ते मेले असे समजून कुंडी रिकामी करू नये. वाफ्यातल्या झाडाला उन्हाळ्यात पाणी दिले नाही तरी चालते, परंतु कुंडीतल्या मुळाला खाली जायला जागा नसल्याने त्याला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी द्यावे आणि कुंडी दुपारच्या सावलीत सरकवावी. मातीवर वाळलेल्या पाल्याचे दोन इंचांचे आच्छादन घातले की तेवढे पाणी पुरते. मूळ जिवंत आहे की नाही हे पाहायचे असेल तर बुडख्याजवळ नखाने हलका ओरखडा काढावा: पांढरे दूध आले तर ते जिवंत आहे.

पावसाळ्यात धोका उलटा असतो. पाणी साचले तर हेच मूळ कुजते, म्हणून कुंडीची भोके मोकळी करावीत आणि वाफा आधीच वीतभर उंच केलेला असावा. सप्टेंबरमध्ये जुनी पाने काढून बुडख्याभोवती मूठ-दोन मूठ शेणखत मिसळावे, वरची माती खुरप्याने मोकळी करावी आणि कडेला सुटलेली नवी चक्रे वेगळ्या कुंड्यांत लावावीत. तीन-चार वर्षांनी जुन्या झाडाची पाने लहान होत गेलेली दिसली तर या नव्या चक्रांतलेच एखादे त्याच्या जागी घ्यावे.